अकरा वेळा हरवलेली मेंढी

त्या हिवाळ्यात गुन्वोरची एकच मेंढी
अकरा वेळा हरवली.
दर वेळी ती शोधायला डोंगर चढून यायची,
शालीखाली पाव, खारवलेला मासा,
आणि एकदा तर रेडिओची बॅटरी, दुपट्यात गुंडाळलेली,
तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून.

आम्ही दोघे, मी आणि तोर्गाइर,
खडकाच्या कपारीत, जिथे एकाने कूस बदलली
की दुसऱ्याला बदलावी लागे.
दिवसा चूल नाही, धूर दिसतो.
रात्री चूल नाही, उजेड दिसतो.
खाली फियोर्ड, शिशाच्या रंगाचा,
आणि त्यातून जाणारी जर्मनांची जहाजं.

ती मोजायची, एवढंच आमचं युद्ध.
डोलकाठ्या किती, तोफा किती, तोंड कुठल्या दिशेला,
आणि पाण्यात किती खोल बसलंय.
भरलेलं जहाज गाभण गाईसारखं चालतं,
असं माझा बाप सांगायचा. तो कॉड धरायचा.
हे शहाणपण कुठे कामी येईल
हे त्याच्या स्वप्नातही नसेल.
मग किल्लीवर बोट. टक, टकटक.
समुद्रापलीकडे कुणीतरी बाई
आमचे ठिपके लिहून घेई. कधी आमचा हात थरथरला
तर ती शब्द पुन्हा मागे, न रागावता.

चौकीवरचा शिपाई गुन्वोरला म्हणाला,
एवढी पळते तर गळ्यात घंटा बांध.
तिने बांधली. आतला लोलक काढून माझ्या मुठीत दिला.
"सांभाळ. युद्ध संपलं की मागेन."
मुकी घंटा घालून मेंढी पुन्हा हरवली.
मार्चमध्ये शिपाई हसला नाही.
म्हणाला, कापून खा, नाहीतर मी खातो.

तिने कापली. अर्धी आम्हाला आणून दिली.
ते मांस घशाखाली उतरेना,
आता तिला वर यायला
निमित्तच उरलं नव्हतं.

एकोणीस दिवस. तोर्गाइर कमरेचा पट्टा चघळायचा.
विसाव्या दिवशी एक जहाज आलं,
दोन डोलकाठ्या, एक धुराडं,
गळ्यापर्यंत पाण्यात.
भरलेलं आहे, मी कळवलं.
दुर्बिणीतून ओझं किती ते दिसतं.
ओझं कशाचं ते दिसत नाही.

दुपारी विमानं आली. आम्ही मिठी मारली.
त्या कपारीत त्यासाठी हलावंही लागलं नाही.

रात्री गुन्वोर आली, कसलंही निमित्त नसताना.
पाव दगडावर ठेवला.
तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.
"लाकडी बूट आहेत सगळ्यांच्या पायात," म्हणाली.
"रशियन कैदी. जहाजाच्या पोटात कोंडलेले.
किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही."
मग बऱ्याच वेळाने:
"एक जण जिवंत होता. कुणाला तरी हाका मारत होता.
मी ओ दिली."

तोर्गाइरने पाव मोडला, दोन तुकडे केले,
आणि तसेच हातात धरून बसला.

पहाटे आमची वेळ झाली.
मी किल्लीवर बोट ठेवलं.
एक जहाज, उत्तरेकडे, अर्धं भरलेलं.
कशाने, यासाठी
आमच्या सांकेतिक वहीत शब्दच नव्हता.
पलीकडच्या बाईने नेहमीसारखं
"मिळालं" कळवलं.

आता मी ऐंशीचा आहे. बंदरावर बसतो.
मासेमारीच्या होड्या येतात,
आणि त्या किती खोल बसल्यात हे मी न ठरवता बघतो.
गुन्वोरच्या दारावर ती घंटा आहे,
वारा सुटला की हलते, वाजत नाही.
दर ख्रिसमसला मी तिच्याकडे कॉफी प्यायला जातो.
लोलक कोटाच्या खिशात असतो.
तिने अजून मागितलेला नाही.